माडीवरचा विंगर

गुरुवार, १ फेब्रुवारी

सकाळी वर १४८, खाली ९२. ही वही डॉक्टरांनी रक्तदाब लिहायला दिली. "रोज आकडा लिहा, आणि कशामुळे वाढला असं वाटलं तर तेही लिहा," म्हणाले. आकड्याला अर्धी ओळ पुरते. कशामुळे, हे लिहायला पान पुरत नाही. माझी शाळा पाचवीत सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. बघणार तरी कोण म्हणा.

आज वाढला तो टेलरच्या दुकानात. टेलर माझा तीस वर्षांचा मित्र. मैदानावर आमच्या दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, लाकडी स्टँडची पहिली रांग. दुकानात पोस्टमन पँट घ्यायला आला होता आणि औषधांच्या दुकानातला जाडा माणूस शर्टाच्या बाह्या कमी करायला. विषय निघाला आमच्या क्लबच्या नव्या विंगरचा. आणखी कसला निघणार?

पोस्टमन म्हणाला, "असा उजवीकडून पळणारा पोरगा वीस वर्षांत आला नाही आपल्याकडे."

औषधवाला म्हणाला, "पोरगा कसला, भिंगरी आहे ती. गोल गोल फिरते आणि शेवटी चेंडू समोरच्याच्या पायात. कधी कुणाला पास दिलेला पाहिलास?"

"दोन गोल कुणी केले मग? तुझ्या खोकल्याच्या औषधानं?"

पोस्टमननं लाकडी गज उचलला, औषधवाल्यानं गरम इस्त्रीच धरली.  टेलर मधे शिरला आणि गळ्यातली टेप काढून म्हणाला, "थांबा, आधी मापं घेऊ द्या. नंतर हाडं कमीजास्त झाली तर माझे कपडे वाया जातील." तेव्हा दोघं हसले. पण हसताना एकमेकांकडे बघितलं नाही.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण भिंगरी राहतो आमच्याच माडीवर. डिसेंबरात क्लबचे सेक्रेटरी घरी येऊन विचारून गेले, हिनं लगेच हो म्हटलं. "तू सांग रे भोंग्या," टेलर म्हणाला. कारखान्यात लेथवर तीस वर्षं काढली, यंत्रांवर आवाज चढवून बोलायची सवय जडली, म्हणून माझं नाव भोंगा. मी म्हटलं, "आमच्याकडे जेवतो, मी काय बोलणार?"

पण वहीत खोटं कशाला. मी औषधवाल्याच्या बाजूचा. आणि घरातही मला तो पटत नाही. जेवायच्या टेबलाशी भिंतीकडची खुर्ची माझी. हा पहिल्याच दिवशी तिथे बसला, डावा खांदा भिंतीला टेकवून. मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "अहो, तुम्ही इकडे बसा." चाळीस वर्षांची खुर्ची गेली. जिन्यातून हाक मारली तर कधी ओ देतो, कधी देत नाही. मोठा खेळाडू ना.

रविवार, ४ फेब्रुवारी

सकाळी १५०. संध्याकाळी १७०. पण आजचं कारण चांगलं आहे. निदान लिहायला घेताना तरी तसं वाटतंय.

आमच्या कप्तानाचा जुना रिवाज आहे. नाणेफेक जिंकली की तो पहिल्या हाफला पाण्याच्या टाकीकडे हल्ला करायचं मागतो. त्यामुळे पहिला हाफ उजवा विंगर आमच्या स्टँडसमोरून, अगदी रेषेला धरून पळतो. इतका जवळ, की त्याचा श्वास ऐकू यावा. दुसऱ्या हाफला तो पलीकडे, उघड्या पायऱ्यांच्या बाजूला जातो.

विसावं मिनिट असेल. भिंगरीनं दोघांना चकवलं. मधे कप्तान एकटा, समोर फक्त गोलकीपर. कप्तान दोन्ही हात वर करून ओरडत होता, "दे! दे! दे!" आम्हाला ऐकू आलं, पलीकडच्यांना ऐकू आलं असेल, टाकीवरच्या कावळ्यांनासुद्धा आलं असेल. यानं मान वर केली नाही. तिसऱ्याला चकवायला गेला आणि चेंडू घालवला. अर्ध्या मिनिटात आपल्यावर गोल.

मी उभा कधी राहिलो ते मलाच कळलं नाही. हाताचा पंजा कानामागे धरला आणि ओरडलो, "ऐकू येतं का रे तुला? कान धुऊन ये, कान!"

टेलरला हसू आवरेना. त्यानंही पंजा कानामागे धरला. मग मागची रांग. मग सगळा स्टँड. पाच-सहाशे माणसं कानामागे हात धरून बसलीत, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. औषधवाला चार रांगा खाली उतरून माझी पाठ थोपटून गेला. मला कधी कुणी पाठ थोपटून गेलेलं आठवत नाही. कारखान्यात निरोपाच्या दिवशीसुद्धा नाही.

संध्याकाळी जेवायला तो माझ्यासमोरच. मीठ मागितलं. मी दिलं. सामना आम्ही हरलो होतो, त्यामुळे गप्पच होता. मीही सामन्याचा विषय काढला नाही. ही मात्र मला विचारत राहिली, "एवढे लाल का झालात?"

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज जीव जायची वेळ आली होती. आकडा घेतलाच नाही, घेऊन भीती वाटली असती.

दुपारी दीडला क्लबचा माणूस दारात आला, सराव दोनला आहे, त्याला आठवण करा म्हणाला. मी माडीवर गेलो. दार वाजवलं. उत्तर नाही. माझ्या आवाजात हाक मारली, म्हणजे रस्त्यावरचा फळवाला वर बघायला लागला. उत्तर नाही. मनात नाही नाही ते आलं. परवा सगळ्यांनी हसं केलं, पोरानं मनाला लावून तर घेतलं नसेल?  दार ढकललं तर उघडंच.

उजव्या कुशीवर, डोकं उशीत रुतवून झोपला होता. छाती हलते का बघितलं. हलत होती. "अरे!" म्हणून ओरडलो, त्याच्या कानाशी. काही नाही. खांद्याला हात लावला, तेव्हा ताडकन उठून बसला आणि माझ्याकडे बघून तोच घाबरला.

"काका, काय झालं?"

"काय झालं? मेलास वाटलं मला! कानाशी बोंब मारली तरी जाग नाही!"

तो हसला. जरा जास्तच पटकन हसला. "झोप गाढ आहे माझी, काका. आईपण ओरडायची."

या वयात अशी झोप. मी रात्रीतून चार वेळा उठतो. देवानं झोपेचं वाटप कसं केलंय कोण जाणे.

रविवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी १७८. 

आज भिंगरी मैदानात उतरला, अजून चेंडूला पाय लागला नव्हता, तोच दोन्ही बाजूंनी हात कानामागे गेले. पलीकडच्या उघड्या पायऱ्यांवरसुद्धा. गेल्या रविवारी त्या बाजूनं तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. पोस्टमन तिकडे बसतो. मला दिसला तो, एकटा ओरडत होता, "लाज वाटू द्या!" त्याच्या आजूबाजूचे त्याच्याकडेच हात कानामागे धरून बघत होते. आईच्या मांडीवरच्या एका पोरीनं इवलासा हात कानाशी धरला होता. तिला बिचारीला वाटत असेल, हा खेळच असा असतो.

मला बघवेना. आणि तरी, लिहूनच टाकतो, त्यानं पुन्हा कप्तानाला चेंडू दिला नाही तेव्हा मी ओरडलो. सवयीनं ओरडलो. "कान!" एवढंच. त्यानं एका क्षणासाठी मान उजवीकडे वळवली आणि पुन्हा पळायला लागला. नंतर त्यानं एकट्यानं गोल केला. अर्ध्यांनी टाळ्या वाजवल्या, अर्धे तसेच हात धरून राहिले. गोल झाल्यावरसुद्धा! स्वतःच्या माणसानं गोल केल्यावर स्वतःची माणसं गप्प बसतात, हे मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं.

घरी आलो तर तो मागच्या नळाशी बूट धूत बसलेला. मला बघून म्हणाला, "काका, घसा बसलाय तुमचा. गरम पाणी प्या."

चांगला आहे तसा स्वभावानं. मला खरंच थंडी बाधली असावी.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आकडा हिनंच घेतला. १८२. ज्यामुळे वाढला ते हिनंच सांगितलं आणि मग हिनंच घेतला.

सकाळी चहा पिताना मी मोठ्या प्रौढीनं नाही, पण सांगितलं, की ते कानामागे हात धरायचं मी सुरू केलं. मला वाटलं ही हसेल किंवा फार तर रागावेल. हिनं कप खाली ठेवला.

"तुम्ही?"

"अगं, गंमत म्हणून. तो ऐकतच नाही कुणाचं."

"त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही," ही म्हणाली. "अजिबात."

मी म्हटलं, "काहीतरीच काय."

"पहिल्या दिवशी मी डावीकडून विचारलं, भात वाढू का? ओ नाही. उजवीकडून विचारलं, लगेच हो म्हणाला. माझ्या बापाचं असंच होतं, मला दुसऱ्या दिवशी कुणी सांगायची गरज पडली नाही. म्हणून तुम्हाला खुर्चीवरून उठवलं. डाव्या बाजूला भिंत असली की माणसं उरलेल्या बाजूलाच बसतात ना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून."

मग मला एकेक दिसायला लागलं. उजवीकडून पळणाऱ्याच्या उजव्या हाताला रेषा असते आणि सगळा संघ डाव्या हाताला. कप्तान डावीकडून ओरडतो. सगळे डावीकडूनच ओरडतात. आणि मंगळवारी तो शाबूत कान उशीत दाबून झोपला होता, मी ओरडलो दुसऱ्या कानात. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला माजोरी म्हणत होतो. हजार माणसांना मी त्याच्या व्यंगावर हसायला शिकवलं. मीच.

 ही माझ्याशी दुपारपासून बोलली नाही.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आज माडीवर गेलो. मुद्दाम उजवीकडे बसलो. त्याच्या लगेच लक्षात आलं.

"काकूंनी सांगितलं तर."

मी मान हलवली. तो मोजे गुंडाळायला लागला. मग सांगितलं. सहाव्या वर्षी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून डावा कान गेला. गावाकडच्या क्लबात तो डावीकडून खेळायचा. तिथे माणसं उजव्या हाताला, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. "तिकडे मला लोक म्हणायचे, हा फारच पास देतो, जरा स्वतः मार की." इथे कोचनं उजव्या पायाचा म्हणून उजवीकडे टाकलं. डावीकडे टाका म्हणून एकदा मागितलं, तर कोच म्हणाला, का? आणि याच्याकडे सांगण्यासारखं 'का' नव्हतं.

"सांगून टाक की," मी म्हटलं. "त्यात काय चोरी आहे?"

"काका, करार मे महिन्यात संपतो. चांगला कान असलेली पोरं रांगेत उभी आहेत. एकदा कळलं की मी विंगर राहत नाही. बहिरा विंगर होतो." मग म्हणाला, "कुणाला सांगू नका. शब्द द्या."

दिला. त्याच्या हातावर हात ठेवून दिला. आणखी एक सांगायचं होतं, तो हात कानामागे पहिल्यांदा कुणी धरला ते.  फक्त म्हणालो, "लोक फार वाईट वागले रे."

"लोक आहेत," तो म्हणाला. "आरडाओरडा करणारच."

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

काहीतरी करायला हवं म्हणून कोचला गाठला. मैदानाच्या फाटकाशी, गाडीला किल्ली लावताना. म्हटलं, "साहेब, त्याला डावीकडून खेळवून बघा ना." कोचनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "आजोबा, तुम्ही लेथवर असताना मी येऊन सांगत होतो का, की नट उलटा फिरव?" गाडी गेली. धूर माझ्या तोंडावर.

टेलरला तेच सांगितलं, तर तो सुई दातात धरून हसला. "भोंग्या, सुरू तूच केलंस आणि आता पाझर फुटला? रोज एका टेबलावर जेवून घोळात घेतलं वाटतं पोरानं."

पंचवीस तारखेला सभासदांची सभा आहे. भिंगरीचा करार वाढवावा की नाही, यावर आपलं मत कमिटीला कळवायचं. आमच्या क्लबात कमिटी सभासदांच्या मताबाहेर जात नाही, तोच आमचा मोठेपणा असं आम्ही सगळ्यांना सांगतो. आकडा १६८. औषध वाढवलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

सभा सकाळी होती. आता दुपार आहे. मी जिंकून आलोय आणि ताट तसंच ठेवून लिहायला बसलोय. जसं झालं तसं लिहितो.

आमच्याकडे चिठ्ठ्या टाकत नाहीत. बोलणं संपलं की खेळाडू ठेवायचा म्हणणाऱ्यांनी खिडकीकडच्या भिंतीला उभं राहायचं, सोडायचा म्हणणाऱ्यांनी दाराकडच्या. मधे कुणी थांबायचं नाही. मग सेक्रेटरी डोकी मोजतात.

बोलणं तासभर चाललं. औषधवाला म्हणाला, "फुटबॉल अकरा जणांचा असतो, याला कुणी सांगितलेलं दिसत नाही." पोस्टमन म्हणाला, "यानं पाच गोल केलेत, तुमच्या उरलेल्या दहांनी मिळून चार." कुणीतरी म्हणालं, "तो दहांना देतच नाही तर करतील कशाचे!" हशा. सेक्रेटरींनी टेबल वाजवलं. माणसं उठली आणि खुर्च्या सरकवत भिंतींकडे निघाली.

मी मधेच. एका बाजूला टेलर बोलावतोय, दुसऱ्या बाजूला पोस्टमन. दाराकडे दहा-बारा डोकी जास्त दिसत होती. कुणीतरी ओरडलं, "भोंग्या, कुठेतरी हो की! खांब आहेस का?" मी खिडकीकडे गेलो. दाराकडून हुर्यो उठली. टेलर मोठ्यानं म्हणाला, "बघा, याचा पंजा आता कानामागून निघून जेवणाच्या ताटात गेला!" आणि सगळ्यांनी, त्या भिंतीच्या सगळ्यांनी, माझ्याकडे बघून हात कानामागे धरले.

नुसते मला हसले असते तर काही नव्हतं. पण मला दिसत होता तो पोरगा, पळताना. माझ्या तोंडून निघालं. माझा आवाज कसा आहे ते मी लिहिलंच आहे.

"अरे, त्याला डाव्या कानानं ऐकूच येत नाही! लहानपणापासून! कुणाला हसताय?"

 हात तसेच कानामागे राहिले आणि मग एकेक खाली आले. औषधवाल्यानं आपला हात पाहिला, जणू दुसऱ्याचाच आहे, आणि खिशात घातला. टेलर आधी निघाला. खोली ओलांडून माझ्याशेजारी भिंतीला उभा राहिला, डोळ्यांत पाणी. त्याच्यामागून सगळे आले. दाराकडची भिंत रिकामी. सेक्रेटरींनी डोकी मोजलीच नाहीत. "एकमत," म्हणाले. आमच्या क्लबच्या इतिहासात एकमत कधी झालं नव्हतं.

लोक माझे हात हातात घेत होते. मी दिलेला शब्द तेव्हा मला आठवला. कुणीतरी माझा हात दाबत असताना, मधेच.

सोमवार, २६ फेब्रुवारी

तो काल जेवायला आला नाही. आज सकाळी मीच वर गेलो. उजवीकडे बसायचंही भान राहिलं नाही, तोच उठून दुसरीकडे बसला.

"तुझा करार वाढणार," मी म्हटलं. "एकमतानं."

"ऐकलं. सकाळी दूधवाला माझ्याशी हातवारे करून बोलला, काका. हळूहळू ओठ हलवून. कालपर्यंत तो मला शिव्या द्यायचा. कसा चेंडू घालवलास, कुठे बघत होतास, सगळं. मी पण द्यायचो."

मी म्हटलं, चूक झाली. म्हटलं, सगळे तुला हसत होते, मला सहन झालं नाही. आणि मग एकदाचं सांगितलं, की त्या हसण्याची सुरुवात मी केली होती. खाली मान घालून सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"उजवा कान शाबूत आहे माझा. पहिल्या हाफला तुम्ही माझ्यापासून दहा हातांवर असता. आणि तुमचा आवाज, काका."

धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. चार तारखेला. अकरा तारखेला. तो ऐकत होता, आणि घरी येऊन माझ्यासमोर जेवत होता, मला मीठ मागत होता, गरम पाणी प्या म्हणत होता.

"मग काही बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही तिकीट काढून आला होता. मी चेंडू घालवला होता. तुम्ही मैदानावरचं कधी घरी आणलं नाहीत, ते मला बरं वाटायचं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काल घरातलं मैदानावर नेलंत."

आकडा घेतला नाही. ही विचारत होती. म्हटलं, राहू दे.

रविवार, ३ मार्च

आजचा सामना मी विसरू शकणार नाही. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. तरी इतकं भयंकर काही मी मैदानावर पाहिलेलं नाही.

भिंगरी उतरला आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. दोन्ही बाजू. त्याला चेंडू मिळाला, टाळ्या. चकवलं, टाळ्या. पंधराव्या मिनिटाला त्यानं सरळ समोरच्याच्या पायात चेंडू दिला, कारण कप्तान पुन्हा डावीकडून ओरडत होता, कोचला अजून अक्कल आली नव्हती. तर त्यालाही टाळ्या! आणखी मोठ्या! माझ्या मागची बाई म्हणाली, "किती प्रयत्न करतोय बिचारा." औषधवाला ओरडला, "शाब्बास बाळा, चालायचंच!" दोन महिने त्यानं याला नावं ठेवली नाहीत असा दिवस गेला नव्हता. आणि पोस्टमन, जो पहिल्यापासून त्याच्या बाजूचा, तो मला पलीकडे बसलेला दिसला. तो एकटा टाळ्या वाजवत नव्हता. डोकं हातात धरून बसला होता.

पोरगा आमच्यासमोरून पळाला तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला. हात कानामागे धरलेले असताना तो चेहरा रागानं लाल असायचा. आज पांढरा होता. त्याला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. माझा आवाजच फुटला नाही.

मध्यंतरानंतर तो उतरला नाही. मांडी दुखते असं सांगितलं म्हणे. तो बाहेर बसला होता त्या बाकाकडे बघूनसुद्धा लोक टाळ्या वाजवत होते.

टेलर म्हणाला, "किती छान केलंस तू भोंग्या, लोकांची मनं बदललीस." मी उठून घरी आलो. शेवटची शिटी व्हायच्या आधी मैदान सोडायची माझी ही पहिलीच वेळ.

गुरुवार, ७ मार्च

गेला. एक बॅग, एक बुटांची पिशवी. करार वाढवायचा कागद त्यानं सही न करता परत दिला, आणि उरलेला करारही सोडवून घेतला. सेक्रेटरी दोनदा येऊन बसून गेले, हात जोडले. "सगळे तुझ्या बाजूचे आहेत रे," म्हणाले. तो म्हणाला, "म्हणूनच."

सेक्रेटरींना कळलं नाही. मला थोडं कळलं. पूर्ण कळलं असं म्हणणार नाही.

हिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, रडली. मी बॅग रिक्षापर्यंत नेली. कुठे जातोस विचारलं, तर लांबच्या एका शहराचं नाव सांगितलं, तिकडचा क्लब चाचणी घेणार आहे. डावीकडची जागा रिकामी आहे. "तिथे कुणाला..." एवढं म्हणून थांबला.  माझ्याकडून पुन्हा शब्द मागायची त्याला लाज वाटली असावी. किंवा उपयोग वाटला नसावा.

घर मोठं झालंय. मी भिंतीकडच्या खुर्चीवर बसलो नाही. 

शनिवार, १६ मार्च

सकाळी वर १५६. आता अकरा वाजलेत, पुन्हा घेतला नाही. आधी लिहितो.

दहाच्या सुमारास फोन वाजला. अनोळखी आवाज, जाड, घाईतला. त्या लांबच्या क्लबचे सेक्रेटरी. पोरानं चाचणी चांगली दिली म्हणाले. सही घ्यायच्या आधी कुणाला तरी विचारतात, तो त्यांचा रिवाज आहे.

"आमचा नंबर तुम्हाला कुणी दिला?" मी विचारलं.

"त्यानंच. म्हणाला, माझ्याबद्दल विचारायचं तर यांना विचारा."

मी खाली बसलो. म्हणजे खुर्ची नव्हती, जमिनीवरच. त्यानं माझा नंबर दिला. टेलरचा नाही, पोस्टमनचा नाही, तो तर पहिल्यापासून त्याची बाजू घेत होता. माझा. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि माझा चेहरा बघून समोर उभी राहिली.

"हॅलो? आहात ना? बरं, मला एक कळत नाही," ते म्हणाले. "तुमच्या क्लबला तो हवा होता, एकमतानं ठेवायचं ठरलं होतं असं कळलं. मग असा सोडून का आला? काही दुखणंबिखणं आहे का? लपवू नका. आमचा क्लब लहान आहे, फसायला नको."

माझ्या जिभेवर आलं. अगदी दातांच्या मागे येऊन उभं राहिलं. माणूस प्रामाणिकपणे विचारतोय, खोटं कसं बोलायचं? आणि खरं ते काय? ही समोरून हललीच नाही. नुसती बघत होती. तिला माझ्यावर विश्वास नव्हता, हे मला दिसत होतं. माझाही नव्हता.

"पाय ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "पळतो वाऱ्यासारखा. दारू नाही, विडी नाही. झोप चांगली आहे."

"आणि खेळ?"

"डावीकडे खेळवा. उजवीकडे घालून आमच्या कोचनं वाट लावली. डावीकडे घाला आणि बघा."

"का पण? पाय तर उजवा आहे त्याचा."

"ते तुम्ही बघा आणि तो बघेल," मी म्हटलं. माझा मलाच आवाज ओळखू येईना, इतका हळू निघाला. "मी लेथवरचा माणूस. मी प्रेक्षक आहे. प्रेक्षकाला जे दिसतं तेवढं सांगतोय."

पलीकडून पेनाची खरखर आली. कागदावर काहीतरी लिहीत असावेत. मग म्हणाले, "ठीक. दुखणं नाही. मग शेवटचं, प्रेक्षक म्हणूनच सांगा. तुमचं स्वतःचं मत काय?"

मला इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण मी सरळ सांगितलं नव्हतं.

"हट्टी आहे," मी म्हटलं. "चेंडू चिकटवून ठेवतो. दोघांना चकवलं तरी समाधान नाही, तिसऱ्याला चकवायला जातो आणि घालवतो. कप्तान मोकळा उभा असतो आणि हा पास देत नाही."

"देतो!" ही माझ्या डोक्यावरून फोनमध्ये ओरडली. माझ्यापेक्षा मोठ्यानं. "चांगला देतो!"

"हे कोण बोललं?" सेक्रेटरी दचकले.

"आमची ही," मी म्हटलं. "काय आहे साहेब, त्या पोराबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत."